जावईबापूंनी गाडी हलकी केली

गाडीची मागची सीट बैठकीच्या खोलीत आली तेव्हा बायकोने नुसत्या भुवया उंचावल्या. सीटच्या मागोमाग स्टेपनी आली, जॅक आला, डिकीतला गालिचा आला, तेव्हा मात्र तिने हातातली इस्त्री उभी करून ठेवली.

"अहो, हे काय चाललंय?"

"वजन कमी करतोय."

"कुणाचं?"

"गाडीचं!" जावईबापू धापा टाकत म्हणाले आणि सीटवरच बसले.

त्यांना जावईबापू म्हणायचं कारण सासुरवाडीत त्यांना सगळे तसंच म्हणतात, आणि या गोष्टीतलं त्यांचं सगळं दुःख सासुरवाडीतच घडलेलं आहे. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर वर्षातून एकदा गाड्यांची शर्यत होते. वळण नाही, चढ नाही. दिवा हिरवा झाला की सुटायचं आणि सरळ पलीकडचं टोक गाठायचं. गेल्या वर्षी जावईबापू आणि त्यांचा मेहुणा दोघेही त्यात उतरले होते, आणि निघण्यापूर्वी मेहुण्याने जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर पैज लावली होती. घरातला जो जिंकेल त्याने वर्षभर दर रविवारी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून आयतं खायचं. जो हरेल त्याने वाढायचं आणि वर भांडीही घासायची. जावईबापूंनी मोठ्या तोऱ्यात "मंजूर!" म्हटलं आणि दणकून हरले.

तेव्हापासून सख्खा जावई दर रविवारी सासूच्या मोरीत कोपरापर्यंत फेसात. मेहुणा खिडकीपाशी पाय पसरून बसायचा आणि हाक मारायचा, "भाऊजी, मोठ्या पातेल्याचा तळ राहिलाय हं!" त्याआधी ही सगळी कामं सासूबाई करायच्या, त्यांना कुणी कधी पैजेत धरलंच नव्हतं. जावई वाढतोय म्हटल्यावर त्यांना बसून जेवणं जमेना. त्या आपल्या ताट हातात घेऊन उभ्याउभ्याच खायच्या आणि "राहू द्या हो, मी घासते" म्हणत त्यांच्यामागे घुटमळायच्या. त्याने जावईबापूंना जास्तच लाज वाटायची.

या वर्षीही पैज तीच होती, आणि काहीही झालं तरी मेहुण्याला मोरीपाशी उभा करायचा, असं त्यांनी ठरवलं. पण मेहुण्याचं गाड्यांच्या सामानाचं दुकान, त्याला सगळं घाऊक भावात. जावईबापू पार्सल कचेरीत काट्यावर बसणारे. जमवलेले पैसे घेऊन ते मिस्त्रीकडे गेले.

"टर्बो बसवू या," ते म्हणाले.

मिस्त्रीने पैशांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि कान खाजवला. "साहेब, टर्बोच्या पैशात अशा दोन गाड्या येतील."

"मग तो मोठा सायलेन्सर?"

"आवाज वाढेल. लोकांना वाटेल तुम्ही जोरात चाललाय. तेवढंच पाहिजे असेल तर बसवतो."

"मग मी करू तरी काय?"

"मागच्या चाकांना चांगले टायर घ्या. सुटताना चाकं जागच्या जागी फिरली तर इंजिन कितीही दमाचं असून उपयोग नाही. टायरांत तुमचे पैसे संपले. राहिलं वजन. ते काढायला फुकट आहे."

वजन! जावईबापूंचे डोळेच चमकले. आयुष्यभर त्यांनी दुसरं केलं काय होतं? लोकांनी खोक्यात ठासलेलं वजन त्यांनी काट्यावर धरून पकडलं होतं. टायर बसवून घेतले आणि घरी येऊन ते कामाला लागले. सीट गेली, गालिचा गेला, मागची जागा मोकळी होत गेली तसा त्यांचा उत्साह वाढत गेला. मग रेडिओ काढला, पायपुसणी काढली, सिगारेटची राख टाकायची डबीसुद्धा काढली. या घरात कुणी सिगारेट ओढत नव्हतं.

"आणि तुम्ही?" बायकोने विचारलं.

"मी काय?"

"गाडीत सगळ्यात जड वस्तू तर तुम्हीच आहात की."

हे त्यांच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून त्यांनी जेवण अर्ध्यावर आणलं. कचेरीत दुपारनंतर त्यांना पार्सलांवरचे पत्ते दोनदोन दिसू लागले.

बायकोने एकच अट घातली. "शर्यत संपली की तिथल्या तिथे सगळं परत बसवायचं. मी सांगाड्यात बसून कामावर जाणार नाही." म्हणजे काढलेलं सामानही धावपट्टीवर न्यायला हवं होतं, आणि ते हलक्या गाडीत नेणार कसं? शेवटी बायकोनेच आईला गळ घातली. सासूबाई रोज सकाळी आपल्या जुन्या व्हॅनमधून दुकानांना अंडी पोचवायच्या. सीट, स्टेपनी, जॅक, गालिचा सगळं त्यांच्या व्हॅनमध्ये चढलं.

"एक क्रेट अंडी मागेच राहू दे गं," त्या मुलीला म्हणाल्या. "शर्यतीवरून परस्पर बेकरीत टाकते."

शर्यतीच्या दिवशी पुढे जावईबापूंची हलकी गाडी, मागे सासूबाई आणि बायको. धावपट्टी दिसायला लागली आणि गाडीने दोन आचके देऊन मान टाकली.

बायको उतरून आली. "काय झालं?"

जावईबापूंनी मान खाली घातली. "पेट्रोल."

"भरलं नव्हतंत?"

"मोजून भरलं होतं. अगं, पेट्रोललाही वजन असतं."

बायकोने कपाळावर हात मारला. ती काही बोलणार तेवढ्यात सासूबाईंनी मुकाट्याने दोर काढला, गाडी व्हॅनला बांधली आणि ओढत फाटकापर्यंत आणली. इतक्या अलगद आणली, की दोराला एकदाही हिसका बसला नाही.

फाटकावरच्या माणसाने हात आडवा केला. "आत फक्त स्पर्धकांच्या गाड्या."

"ही स्पर्धक आहे," जावईबापू खिडकीतून ओरडले.

"आणि ही व्हॅन?"

"ती मला ओढतेय!"

"ते दिसतंय हो. पण नंबर नसलेली गाडी आत सोडत नाही. हवं तर दोर सोडा."

दोर सोडला तर गाडी इथेच, आणि मेहुणा तर केव्हाच आत जाऊन चकाट्या पिटत होता. जावईबापूंनी दात ओठ खात सासूबाईंच्या नावाने प्रवेश फी भरली. व्हॅनच्या दारावर नंबर चिकटवला गेला.

"अगंबाई, आता मला पळवावी लागेल की काय ही?" सासूबाईंनी विचारलं.

"छे हो आई, नावापुरतं. तुम्ही बाजूला लावून बसा."

आत जाऊन त्यांनी कुणाकडून तरी बाटलीभर पेट्रोल मागून घेतलं आणि तेवढ्यात कर्णा खरखरला. शर्यतीचे आयोजक म्हणजे निवृत्त शाळामास्तर. त्यांचा आवाज कर्ण्याशिवायही पुरला असता.

"या वर्षी घरगुती गाड्यांसाठी नियम बदलला आहे! गेल्या वर्षी एका गृहस्थाने गाडीपेक्षा महाग इंजिन बसवलं, म्हणून! प्रत्येकाने आधी सरावाची फेरी मारायची. मग आपल्याला किती सेकंद लागतील ते स्वतःच सांगायचं. खऱ्या फेरीत जो आपल्या सांगितलेल्या वेळेच्या सगळ्यात जवळ पोचेल, तो जिंकला! आणि सांगितल्याच्या आधी जो पोचला, तो बाद!"

जावईबापूंनी आपल्या रिकाम्या गाडीकडे पाहिलं. "म्हणजे गाडी हलकी करून...?"

"काही उपयोग नाही," बायको म्हणाली. "जेवत जा आता."

मेहुणा मात्र खूश. "भाऊजी, हा डोक्याचा खेळ आहे! मी सरावाला सावकाश जाणार, अठरा सांगणार, आणि शेवटी ब्रेक मारून बरोबर जुळवणार." सांगून चुकल्यावर त्याने जीभ चावली, पण जावईबापूंनी ऐकलं होतं. त्यांनीही सराव बेताने केला आणि अठराच सांगितले.

"नंबर लावलेल्या प्रत्येकाने फेरी मारायची आहे!" मास्तरांनी व्हॅनकडे बोट दाखवलं. सासूबाई पदर खोचून बसल्या, सरावाची फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "एकतीस."

"एकतीस?" मेहुणा खो खो हसला. "आई, अगं लोक चालत पोचतील!"

"मागे अंडी आहेत रे बाबा."

मग जावईबापू आणि मेहुणा शेजारी शेजारी उभे राहिले. अठरा, अठरा, असं जावईबापू मनात घोकत होते. दिवा लाल होता. मेहुण्याने काच खाली केली.

"भाऊजी! घरी नवीन साबण आणून ठेवलाय! लिंबाच्या वासाचा!"

झालं. डोक्यातले अठरा कुठल्या कुठे गेले आणि समोर फक्त पातेली दिसायला लागली. दिवा हिरवा होताच जावईबापूंनी पाय असा दाबला, की हलकी झालेली गाडी सुसाट सुटली. मेहुण्याने भाऊजी पुढे जाताना पाहिले आणि तोही डोक्याचा खेळ विसरला. जावईबापू गाडीभर पुढे होते! आयुष्यात पहिल्यांदा! ते टोकाला पोचले, उतरले, दोन्ही हात वर करून नाचले. पोटात काही नसल्यामुळे नाचता नाचता त्यांना भोवळ आली आणि ते बॉनेटला धरून उभे राहिले.

"अठराच्या आत! बाद!" कर्णा गरजला.

मेहुण्याने टाळ्या पिटल्या.

"शेजारचेही बाद!"

टाळ्या थांबल्या. बाकीच्यांचंही असंच काहीतरी झालं. कुणी सेकंदाने आधी पोचला, तर कुणी बाद होण्याच्या धास्तीने शेवटी एवढा ब्रेक दाबला की गाडी रेषेअलीकडेच बंद पडली. सगळ्यात शेवटी व्हॅन निघाली. कुठलीही घाई नाही, धक्का नाही. रोज पहाटे ज्या चालीने ती पहिल्या दुकानाकडे निघायची, त्याच चालीने ती धावपट्टीवरून गेली.

मास्तर कर्ण्यातून म्हणाले, "एकतीस! अगदी केसभर वर! अभिनंदन, आजीबाई!"

सासूबाईंनी उतरून आधी व्हॅनचं मागचं दार उघडलं आणि क्रेट तपासलं. एकही अंडं फुटलं नव्हतं.

"आई, तुम्ही हे केलंत कसं?" जावईबापूंनी विचारलं.

"खरं सांगू? रिकामी व्हॅन मला नीट चालवताच येत नाही. थडथड उडते मेली. तुमची सीट, ते चाक, सगळं मागे होतं ना, त्यामुळे अगदी रोजच्यासारखी भरल्यागत चालली." त्यांनी जावयाकडे मायेने पाहिलं. "तुमचे उपकारच झाले बघा."

पुढच्या रविवारी मेहुणा सवयीने खिडकीकडे निघाला, तर खुर्चीपाशी त्याची बहीण उभी होती.

"ती आईची जागा आहे."

"पैज आमच्या दोघांची होती!"

"घरातला जो जिंकेल, असं म्हणाला होतास. मी ऐकलंय. आई घरातली नाही का?"

मेहुण्याने खुर्ची मागे ओढून दिली. सासूबाई संकोचून खुर्चीच्या कडेवर टेकल्या. जावईबापूंनी त्यांना वाढलं, मेहुण्याने पाण्याचा पेला ठेवला. पहिला घास घेतला आणि त्या चटकन उठल्या. "मीठ आणते हं, कमी झालंय."

"बसा!" दोघेही एकदम ओरडले.

त्या बसल्या. या वेळी खुर्चीत मागे रेलून बसल्या. खिडकीतून अंगणातल्या त्यांच्या व्हॅनचं नाक दिसत होतं, आणि इतकी वर्षं आपल्याच घराच्या या खिडकीतून काय दिसतं हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असं त्यांना वाटलं. त्यांनी पोटभर, सावकाश, गरम गरम खाल्लं. मुलीनेच त्यांना दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लावलं.

मोरीपाशी जावईबापू घासत होते आणि मेहुणा विसळत होता. लिंबाच्या वासाचा साबण चांगला फेसाळत होता.

"भाऊजी," मेहुणा हळूच म्हणाला, "पुढच्या वर्षी आईला हरवायचं तर गाडीला काय बसवावं लागेल?"

जावईबापू उत्तर देणार तोच खिडकीकडून हाक आली. दबकत दबकत, पण आली.

"जावईबापू, मोठ्या पातेल्याचा तळ तेवढा बघा हं!"