मळाखालची भिंत

चिचगडकडे जाणाऱ्या जंगलवाटेवरच्या आंबाटोलीत एकतीस घरं होती आणि एकतीसही घरांना बाहेरची बाजू होती. सन एकोणीसशे छत्तीसपर्यंत ही गोष्ट सरकारच्या ध्यानात आली नव्हती. त्या वर्षीच्या ज्येष्ठात आली, आणि एकदा आली म्हणजे मग काय विचारता!

गृहबाह्यपृष्ठ-स्वच्छता समिती नावाची एक समिती नेमली गेली. तिनं चौदा बैठका घेतल्या, शहरातल्या अकरा पक्क्या विटांच्या बंगल्यांची पाहणी केली आणि परिपत्रक काढलं. कोतवाल जंगलूनं ते गावभर ओरडून सांगितलं, तेही स्वतःला जेवढं समजलं तेवढंच. घराच्या बाहेरच्या अंगाचा मळ काढायचा. तो कोणत्या पद्धतीनं काढायचा हे ज्याचं त्यानं ठरवायचं. निवडीचं संपूर्ण स्वातंत्र्य आहे. जो निवडणार नाही त्यानं घर सोडायचं, पावसाळा संपेपर्यंत.

मनिरामची बायको शामकला तेव्हा दारात तांदूळ पाखडत होती. ऐकून तिला आधी हसूच आलं. गेल्या दिवाळीला दोन दिवस खपून तिनं पांढऱ्या छुईनं, म्हणजे नाल्याकाठच्या पांढऱ्या मातीनं, ही भिंत स्वतःच्या हातानं लिपली होती. तिच्याआधी तिची सासू लिपायची, सासूच्या आधी आजेसासू. भिंत दुधासारखी दिसत होती. पण हसता हसता तिचं लक्ष आत गेलं. भिंतीला लागून खाटेवर सून रुख्मिणी निजली होती आणि तिच्या कुशीत आठ दिवसांचा नातू. कवेलूंचं, म्हणजे छपरावरच्या कौलांचं, सगळं ओझं पेलणारं मयालाचं आडवं लाकूड नेमकं ह्याच भिंतीवर टेकलेलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"आयकता का जी," ती नवऱ्याला म्हणाली, "लेकरू घेऊन पावसात कुठं जावं आपण?"

"जाचं कायले? पद्धत निवडू ना," मनिराम म्हणाला. माणूस वाईट नव्हता हो, पण शिक्का मारलेला कागद दिसला की त्याचे हात आपोआप जोडले जात.

आठवड्याभरात निरीक्षक केशोराव बंडीतून आले. अंगात कोट, डोक्याला टोपी, हातात लोखंडी खरवडणी आणि काखेत छापील नमुने. पहिलं घर मनिरामचं म्हणून सुरुवात तिथूनच झाली. मनिरामनं घोंगडी अंथरली, पाणी दिलं. केशोरावांनी पाणी घेतलं, भिंतीकडे पाहिलं आणि नमुना उघडला.

"पद्धती तीन आहेत," ते म्हणाले. "एक, काथ्याचा कुंचा. दोन, घागरीनं पाणी ओतणे. तीन, बंबाचा जोरदार फवारा. तुम्हांला कोणती हवी?"

"आमी त लिपतो जी," शामकला आतून म्हणाली.

"लिपणे ही पद्धत नमुन्यात नाही, बाई. लिपणे म्हणजे मळावर मळ चढवणे. ते कलम सातप्रमाणे निषिद्ध आहे."

"मंग कुंच्यावर खूण करा जी," मनिराम घाईघाईनं म्हणाला.

"जरूर. निवड तुमचीच आहे. मात्र कुंचा फक्त अर्धा इंच मळापर्यंत लागू पडतो. घागर दोन इंचांपर्यंत. त्यापुढे बंब. तेव्हा आधी मळाची खोली मोजू, मग तुम्ही मोकळेपणानं निवडा."

केशोरावांनी खरवडणी लावली. छुईचा पापुद्रा निघाला. त्याखाली शेणमाती निघाली, त्याखाली पुन्हा छुई, पुन्हा शेणमाती. शामकलेच्या लग्नाचं लिपण पडलं, सासूच्या उमेदीचं पडलं, आजेसासूचंही पडलं. केशोराव दर थराला आकडा टिपत होते आणि त्यांचा चेहरा गंभीर होत चालला होता. इतका जुना मळ त्यांनी आजवर पाहिला नव्हता. कोणत्याही क्षणी खाली खरी भिंत लागेल ह्या भरवशावर माणूस घाम पुसत खरवडत होता. चौदाव्या इंचाला खरवडणी आरपार गेली आणि आतून रुख्मिणी किंचाळली.

शामकला तशीच बाहेर धावली. "सायेब! काय करून राहिले तुमी? तो मळ नोहे, भिंत होय!"

"भिंत?" केशोरावांनी शांतपणे परिपत्रक उलगडलं. "हे पाहा, व्याख्या दिलेली आहे. 'भिंत म्हणजे मळ काढल्यावर उरते ती.' मी चौदा इंच मळ काढला. काही उरलं का?"

"नाही," मनिराम भोकाकडे पाहत म्हणाला.

"मग ती भिंत कशी?"

खरं सांगायचं तर मनिरामला ते पटलंच. गेल्या चाळीस वर्षांत घरावर आपण एवढा मळ साचू दिला, ह्याची त्याला लाजही वाटली. त्यानं बंबाच्या चौकोनात अंगठा उठवला. "घरमालकाने पद्धत स्वखुशीने निवडली" असं केशोरावांनी खाली लिहिलं.

शामकलेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमी बी ना! अवो, मातीच्या घराले पाणी मारून धूत असते का कोणी?"

"तू चूप राय," मनिराम कुजबुजला. "नाही केलं त घर सोडा लागते. लेकरासाठीच करून राहिलो ना मी!"

बंब गोंदियाहून रेल्वेनं आमगावला उतरला आणि तिथून बंडीत लादून दोन दिवसांनी आंबाटोलीला पोचला. तो चालवायला दोन माणसं लागत आणि भरायला साठ घागरी पाणी. ज्येष्ठात विहीर तळाला गेलेली. प्यायला पाणी नाही म्हणून बायका पहाटेपासून रांग लावायच्या. त्या दिवशी त्याच बायकांनी भिंत पाडायला पाणी भरलं. साठावी घागर ओतताना शेजारची मंगली म्हणालीसुद्धा, "माय वो, एवढ्या पाण्यात आख्खं गाव पेलं असतं." केशोरावांनी तिला समजावलं की पिण्याच्या पाण्याची समिती वेगळी आहे.

शामकलेनं मात्र कोणाची वाट पाहिली नाही. सुनेला हाताला धरून, नातवाला लुगड्याच्या पदरात घेऊन ती मोहाच्या झाडाखाली जाऊन बसली.

बंब सुरू झाला. पहिल्या फवाऱ्यात छुई वाहून गेली आणि लोकांनी "वा!" म्हटलं. दुसऱ्या फवाऱ्यात अंगणात चिखलाचे पाट वाहू लागले. "बघा, किती मळ निघतोय!" केशोराव उत्साहानं ओरडले. तिसऱ्याला भिंत गुडघ्यात वाकल्यासारखी झाली, मयाल करकरलं आणि कवेलूंसकट घराची सगळी पुढची बाजू मटकन खाली बसली. धुरळा उडाला नाही, कारण सगळं ओलं होतं. ही ह्या पद्धतीची आणखी एक चांगली बाजू म्हणून केशोरावांनी नोंदवून घेतली.

अहवाल त्यांनी तिथंच बसून लिहिला. 'सदर घरास भिंत नव्हतीच. भिंतीच्या जागी केवळ मळ उभा होता, तो पूर्णपणे काढण्यात आला. निकाल समाधानकारक.' त्यांनी सही केली, प्रमाणपत्र मनिरामच्या हातात दिलं आणि निघता निघता त्यांची नजर उघड्या पडलेल्या घरात गेली. चुलीमागची आतली भिंत आता रस्त्यावरून स्वच्छ दिसत होती. धुरानं काळीकुट्ट झालेली.

"अरेरे," ते हळहळले. "ही आता बाह्य पृष्ठभागात मोडते."

आणि त्यांनी दुसरा नमुना काढला.

शामकला लेकराला घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. "सायेब, हे लेकरू आता कुठं निजवू, ते सांगा."

"बाई, तुमचं दुःख मला समजतं," केशोराव म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. "पण ह्या नमुन्यात तो रकाना नाही."

बंडी पुढच्या घराकडे वळली. गाव मनिरामच्या अंगणात चिखल तुडवत जमलं होतं. सगळ्यांना वाईट वाटत होतं. सगळ्यांची पाळी यायची होती.

"मनिरामचं चुकलंच," शेजारचा भोजराज म्हणाला. "बंब कायले निवडला? घागरीनं केलं असतं त निदान अर्धी उरली असती."

"घागर नाही बापा, कुंचाच बरा," कोतवाल जंगलू म्हणाला. "हळूहळू पडते मंग. माणसाले सामान काढाले वेळ भेटते."

झालं! संध्याकाळपर्यंत गावात दोन तट पडले, एक कुंचेवाल्यांचा आणि एक घागरवाल्यांचा. भावाभावांत बोलणं बंद झालं. शामकला दारोदार फिरून सांगत होती, "अरे बापाहो, लिपणं त्या कागदावर काऊन नाही, हे त विचारा!" तिला लोक बसायला पाट देत होते, ताक देत होते आणि म्हणत होते, "मामी, तुमची निवड होऊन गेली. आता आमाले आमची करू द्या." तीसच्या तीस अंगठे दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत उठले.

आणि तुम्ही हसू नका, वाचकहो. वाचता वाचता तुम्हीही मनातल्या मनात कुंच्यावर खूण करून बसला आहात. ते आठ दिवसांचं लेकरू कुठं निजलं, हे तुम्ही तरी कुठं विचारलंत?