शरणाप्पा कुणाच्या गाडीला हात लावत नाहीत

माझी नोकरी वाचवली ती शरणाप्पांनी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांच्या ज्या तऱ्हा सांगणार आहे त्या ऐकून कुणाला वाटायचं, मी त्यांची टिंगल करतोय.

अप्पांचं लातुरात मोटारीच्या किरकोळ सामानाचं दुकान आहे. वायपरचं रबर, फ्यूज, आरसे, बॅटरीचं पाणी, पोती कापून शिवलेली पायपुसणी, मेणात रॉकेल घालून घरीच केलेलं पॉलिश. सगळं स्वस्त, पण एक अट. वस्तू देतील, गाडीला बसवून देणार नाहीत. "सामान माझं, हात तुझे," म्हणतील, पाना तुमच्या हातात ठेवतील आणि स्वतः स्टुलावर बसून शिकवतील.

लातूर नुकतंच जिल्हा झालंय. रोज नवा साहेब, नवी जीप, नवी पाटी. पाणी तेवढं कुठून नवं येत नाही. असेच एक इंजिनिअर साहेब आरसा घ्यायला आले आणि "बसवून द्या" म्हणाले. अप्पा म्हणाले, "साहेब, पूल बांधता, आन् दोन स्क्रू न्हाई पिळता येत?" साहेब तासभर उन्हात उकिडवे बसले. आरसा बसला, पण आभाळाकडे बघत. अप्पांनी मान डोलावली. "बरुबर हाय. ढग आला तर पैलं तुम्हालाच दिसंल."

दुष्काळात ते वायपर खपवत. पाऊसच नाही तर वायपर कशाला, असं कुणी म्हटलं की म्हणत, "पाऊस लागला की समदे पळत येतेत. तवा भेटणार न्हाई." गाडी धुवायची ती एका तांब्यात, दोन फडक्यांनी. "सालभर गाडीला आंघोळ न्हाई. निस्तं तोंड पुसायचं."

मी मालवणकडचा. सातवीत शाळा सोडली, ड्रायव्हिंग शिकलो आणि डॉक्टरीणबाईंच्या फियाटवर इतक्या लांब येऊन पडलो. अजून कायम झालो नव्हतो. आईला मात्र पत्रात कायम झालो म्हणून लिहून टाकलं होतं. त्यामुळे गाडी जरा खोकली तरी मी लगेच बॉनेट उघडून बघायचो.

एका सोमवारी बॅटरीची झाकणं उघडली तर आत पाणी कमी. सोमवारी अप्पांचं दुकान बंद. घरात टँकरचं गढूळ पाणी यायचं, त्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसून वर काचेसारखं पाणी राहायचं. आमच्याकडच्या विहिरीचंसुद्धा इतकं नितळ नसेल. मी ते बॅटरीत घातलं आणि शहाणपणा केला म्हणून स्वतःवर खूश झालो.

महिन्याभरात बॅटरी बसली. दोन दिवस गल्लीतल्या लोकांना हाका मारून गाडी ढकलली. बाई म्हणाल्या, "उद्या औशाकडे बाळंतपणाला जायचंय. उद्या ढकलावी लागली तर मी दुसरा ड्रायव्हर बघते."

सकाळी उजाडताच मी अप्पांच्या दारात; दुकानामागेच राहतात ते. कपाळाला विभूती लावून नुकते पूजेवरून उठले होते. सगळं ऐकून घेतलं.

"कुटलं पानी घातलास?"

"तुरटी फिरवलेलं. एकदम स्वच्छ होतं, अप्पा."

"कोकण्या, ते तू पिऊ शकतूस. मानसाला काय बी चालतंय. बॅटरी लई नाजूक जात हाय. तिला फकस्त बॅटरीचंच पानी लागतं."

आत गेले आणि खांद्यावर टॉवेल, टॉवेलवर बॅटरी असे बाहेर आले. मी पाना मागितला. "साकु," म्हणाले; पुरे झालं असं सांगायला हा कानडी शब्द ते वापरतात. बाईंच्या अंगणात त्यांनी स्वतः बॉनेट उघडलं, माझी बॅटरी काढली, आणलेली बसवली, तारा आवळल्या. चहा गार व्हायच्या आत सगळं झालं. मी नुसता बघत राहिलो. गाडीला हात न लावणारा हा माणूस डोळे झाकून बॅटरी जोडत होता.

चावी फिरवली, गाडी सुरू. बाई बाहेर आल्या. "आज एका चावीत?"

अप्पा टॉवेल झटकत म्हणाले, "तुमचा ड्रायव्हर हुशार हाय, बाई. समदं त्यानंच केलं. मी निस्ता बघत हुतो."

औशाला मुलगी झाली. माझी नोकरी राहिली.

चार दिवसांनी संध्याकाळी दुकानात गेलो. रोज त्या वेळी तिथे रेडिओवर कानडी गाणी लागलेली असायची. अप्पांची बायको कर्नाटकातल्या भालकीकडची. तिच्यासाठी आणलेला तो रेडिओ. ती जाऊन चार वर्षं झाली, पण स्टेशन त्यांनी बदललं नव्हतं. "मला निम्मं कळत न्हाई, पर चालू द्यावं," म्हणायचे. त्या दिवशी रेडिओवर फडकं होतं. फळीखाली दोन तारा लोंबत होत्या, टोकाला बॅटरीचे चिमटे. चिमट्यांत काही नव्हतं.

"रेडिओ का बंद, अप्पा?"

"कानाला जरा आराम," म्हणाले, आणि मला विचारलं, "आज काय बसवायचंय?"

मला काहीच बसवायचं नव्हतं. मी म्हटलं, "आरसा ढिला झालाय." बाहेर जाऊन स्क्रू थोडा ढिला केला आणि अप्पांसमोर तासभर पिळत बसलो. ते स्टुलावरून चुका काढत होते. चांगले खुलले होते.

आता रोज काहीतरी ढिलं होतं. बाई म्हणतात, ही गाडी फार कुरकुरते. पुढल्या महिन्यात त्या मला कायम करणार आहेत, म्हणजे आईला लिहिलेलं खरं होईल. पहिली वस्तू घेईन ती अप्पांच्या रेडिओसाठी नवी बॅटरी. फळीखाली मी ती स्वतः जोडीन. अप्पांनी त्या दिवशी नुसतं स्टुलावर बसायचं.