म्हात्रेंचा गच्चीवरचा प्रयोग

दर रविवारी सकाळी अख्खी सोसायटी टी.व्ही.समोर बसली की दुसऱ्या मजल्यावरचे म्हात्रे गच्चीवर जाऊन स्वतःचं भान घालवायला बसायचे. पाण्याच्या टाकीला पाठ टेकायची, डोळे मिटायचे आणि दर श्वासाला एक, असे तीनशेपासून उलटे आकडे मोजायचे. शेजारी वही-पेन्सिल घेऊन मी. मला त्यांनी निरीक्षक नेमलं होतं. विचारलं वगैरे काही नव्हतं.

म्हात्रे मूळचे तळवलीचे, तुर्भ्याच्या एका कारखान्यात केमिस्ट. ढोल नाही, धूप नाही, देव तर नाहीच. नुसत्या श्वासावर माणसाची तंद्री लागते का, हे त्यांना तपासायचं होतं. दर पाच मिनिटांनी मी नाडी मोजायची. एकदा मी 'चेहरा प्रसन्न' असं लिहिलं, तर खोडायला लावलं. "प्रसन्न कशात मोजलंत?"

तीन महिन्यांत निष्पन्न काय, तर दोनदा डुलकी आणि एकदा घोरणं. तेही मी इमानदारीत लिहिलं.

एकदा पापड वाळत घालायला आलेल्या साठेबाईंनी हा प्रकार पाहिला. म्हात्रेंच्या अंगात येतं, अशी त्यांची खात्रीच पटली. हात जोडून त्यांनी मुलीचं लग्न कधी ठरेल ते विचारलं. म्हात्रे आपले मोजतायत, "बहात्तर, एकाहत्तर..." बाईंनी बहात्तर दिवस धरले आणि, कर्म माझं, लग्न त्याच्या आत ठरलं! मग काय विचारता, गच्चीवर नारळांची रास. म्हात्रे चिडून ते दारोदार परत करत फिरले. आपण केमिस्ट आहोत, हे जिन्यात प्रत्येकाला समजावत होते बिचारे.

आणि एका रविवारी त्यांचे आकडे मध्येच थांबले. हात मांडीवरून वर उठले, मान घुमायला लागली. मी नाडी मोजायची विसरलो. खरं सांगतो, घाबरलो होतो.

डोळे उघडल्यावर त्यांनी वही मागितली नाही. हातांकडे बघत सांगायला लागले. गावच्या जत्रेत त्यांच्या आईच्या अंगात देवी यायची. कॉलेजात सायन्स शिकणाऱ्या म्हात्रेंनी एका वर्षी भर देवळात तिला सुनावलं, हे ढोंग बंद कर. तिने पदर सावरला आणि घरी गेली. त्यानंतर ढोल वाजला की ती दार लावून आत बसायची. मरेपर्यंत.

मला फार वाईट वाटलं.

"हात मी नाय हलवले," म्हात्रे म्हणाले. "आय खोटं बोलत नवती. आता ह्ये कुनाला सांगू?"