धुक्यातला धुरा

संजीवनीताईंनी धुरा काढला आणि तिथंच घोळ झाला.

पिंपळगाव राजाच्या शिवारात, कोवळ्या उन्हात, त्या एका निंबाखाली बसल्या होत्या. समोर डावीकडे तूर, उजवीकडे हरभरा, मधोमध दोन वावरं वेगळी करणारा मातीचा धुरा, म्हणजे बांध. सगळ्यावर अशी गोड पेंग पसरली होती की हातातल्या ब्रशलाही डुलकी यावी. नोकरी संपल्यापासून ताई अविनाश सरांच्या वर्गाबरोबर दर रविवारी गावोगाव चित्रं काढत हिंडायच्या. सरांचा शेरा मात्र ठरलेला, "ताई, फार गर्दी केलीत." आज पसंत पडेल ते चित्र प्रदर्शनात लागणार होतं. ताईंना एकदा तरी भिंतीवर लागायचं होतं, तेही फोटोला हार पडण्याआधी.

"मॅडम, धुरा असा तिरपा काऊन काढला?" तुरीचे मालक दयाराम मागून म्हणाले. "माहं वावर खाल्लं ना तुम्ही!"

ताईंनी ओल्या ब्रशानं धुरा पुसला आणि बोटभर उजवीकडे घेतला. तेवढ्यात हरभऱ्यातून दयारामांचा धाकटा भाऊ निवृत्ती आला.

"आता माह्या दोन ओळी गेल्या! यानं शिकवलं का तुमाले?"

"अहो, नुसतं चित्र आहे हे!"

"कागदावर एकदा गेलं का गेलं, मॅडम. सरकवा."

धुरा डावीकडे गेला, उजवीकडे आला, पुन्हा डावीकडे गेला. शेवटी दोघांनी एकदमच कागदावर बोट ठेवलं आणि पाण्याचा डबा कलंडला. तूर, हरभरा, धुरा, सगळं हळूहळू एकमेकांत विरघळलं. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

कागदावर पांढुरकं काहीतरी तरंगत होतं, आणि तिघंही त्याच्याकडे बघत बसले.

"धुरा दिसते का बे तुले?" कित्येक दिवसांनी दयाराम भावाशी बोलले.

"नाही ना, दादा."

एवढ्यात सर आले आणि जागीच थबकले. "वा, ताई! काय धुकं उतरलंय! हेच लावू. करा सही."

ताईंना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी ब्रश उजव्या कोपऱ्याकडे नेला.

"मॅडम," निवृत्ती हळूच म्हणाला, "तो कोपरा माह्या वावरात येते."

"मंग डावीकडे बी नका करू," दयाराम म्हणाले. "तो माहा हाये."

ताईंनी चित्र उलटं केलं आणि मागच्या बाजूला सही केली.