तोबिनेजिमाचं पिवळं फडकं

"बेटावर कशालाही हात लावायचा नाही हं!" बोटीचं तिकीट हातात देताना खिडकीतल्या बाईंनी मला बजावलं होतं. "काही उचलावंसं वाटलंच, तर आधी विचारायचं."

मी गोड हसले, मान लववली आणि ते वाक्य तिथेच सोडून बोटीत चढले. मी काय लोकांच्या बागेतली संत्री तोडणारी पर्यटक वाटले यांना? मी कानोको! तीन वर्षांच्या मुलीची आई! ओनोमिचीत आमच्या इमारतीत सुका कचरा मी इतका धुऊनपुसून ठेवते की गाडीवाले तो उचलताना आधी मला नमस्कार करतात!

शनिवार-रविवार तोबिनेजिमा बेटावर तंबूत राहायचं, असा आमचा बेत होता. मी, चिझुरु, फुमिका आणि माझ्या पाठीवर बांधलेली कोहारु. कॉलेजपासूनच्या या दोघी म्हणजे माझा जीव. कोहारु झाल्यापासून अख्खं जग मला 'कोहारुची आई' म्हणतं. दवाखान्यात, पाळणाघरात, अगदी घरात नवरासुद्धा! जगात मला कानोको म्हणणाऱ्या आता या दोघीच उरल्यात.

आणि त्यांनीच या वेळी अट घातली.

"दोन दिवसांत तू एकदा जरी 'काहीतरी झालंय' म्हणून ओरडलीस ना," चिझुरु बोटीतच म्हणाली, "तर पुढच्या सहलीला आम्ही दोघीच जाणार."

"मी कधी ओरडते?"

"मागच्या वेळी गरम पाण्याच्या कुंडातून बारा बायका बाहेर काढल्यास तू! का? तर एक बाई फार वेळ डोळे मिटून बसली होती!"

"ती हलत नव्हती!"

"ती विश्रांती घेत होती गं! त्यासाठीच जातात तिथे!" फुमिका म्हणाली.

मी शपथ घेतली. तोंड बंद म्हणजे बंद!

तंबू लागला तो बेटावर एकट्या राहणाऱ्या किनुएआजींच्या घरामागच्या मोकळ्या वाफ्यात. जेवण झाल्यावर दोघी धक्क्यावर गळ टाकायला गेल्या. मी कोहारुला थोपटत फेऱ्या मारत होते. तीनच्या सुमाराला ढग आले आणि टपाटप थेंब पडायला लागले. बघते तर आजींच्या फाटकावर एक पिवळंधमक फडकं वाळत घातलेलं!

"आजी! अहो आजी! कपडे भिजतायत!"

उत्तर नाही. आतून रेडिओ मात्र गर्जत होता. आता तुम्हीच सांगा, पाऊस आला आणि शेजाऱ्याचं कापड बाहेर असलं, तर माणूस काय करतो? आमच्या इमारतीत जो आधी बघेल तो आत घेतो. मी फडकं काढलं, तंबूत नेलं, पिळलं आणि दोरीवर टाकलं. वाळलं की घडी घालून, वर दोन बिस्किटं ठेवून परत द्यायचं ठरवलं. स्वतःवरच इतकी खूश झाले की विचारू नका!

वीस मिनिटांत बेटावरचा भोंगा किंचाळला.

"किनुएचं फडकं दिसत नाही! किनुएचं फडकं दिसत नाही! ज्यांना चालता येतं त्यांनी ताबडतोब या!"

आणि ज्यांना चालता येत नव्हतं तेही आले! कुणी तीनचाकी गाडीवरून, कुणी काठी टेकत. एका आजोबांच्या हातात हृदयाला झटका देणारं यंत्र, एका आजींच्या हातात नुसताच डाव. बेटाच्या प्रमुख शिगेयोताई सगळ्यांत पुढे. त्यांनी दार ढकललं, अख्खं बेट आत घुसलं, आणि...

किनुएआजी आरशासमोर बसल्या होत्या. डोक्यावर प्लास्टिकची टोपी. कपाळावरून काळे ओघळ.

"जिवंत आहे मी!" आजी किंचाळल्या. "बाहेर व्हा आधी!"

कुणी हललं नाही. शिगेयोताईंनी त्या काळ्या ओघळांकडे बोट दाखवलं.

"किनुए! चाळीस वर्षं तू सांगतेयस की समुद्रातलं शेवाळ खाल्ल्यानं केस काळे राहतात! मी चाळीस वर्षं शेवाळ खातेय गं!"

मी पुढे झाले. हातात ओलं पिवळं फडकं. इतकी खाली वाकले की पाठीवरची कोहारु माझ्या डोक्यावरून सगळ्यांकडे टकमक बघायला लागली.

"मी काढलं. भिजत होतं म्हणून."

"अगं बाई!" शिगेयोताई माझ्याकडे वळल्या. "सकाळी उठलं की फडकं लावायचं, म्हणजे मी ठीक आहे. मावळतीला आत घ्यायचं. तू आमच्या किनुएला भर दुपारी तीन वाजता मारून टाकलंस की!"

तेवढ्यात चिझुरु आणि फुमिका मासळीची बादली घेऊन धापा टाकत आल्या. सगळा प्रकार कळल्यावर फुमिका माझ्या कानात कुजबुजली, "घाबरू नकोस. तू ओरडली नाहीस, बेट ओरडलं. अट मोडलेली नाही. आता फक्त गप्प राहा."

राहिलेही असते! पण मला एक खोड आहे. बागेत गेले की मी मुलं मोजते. धक्क्यावरच्या फलकावर लिहिलं होतं, रहिवासी चौदा. इथे होते तेरा. पुन्हा मोजले. तेराच!

"चौदावं कोण?" मी हळूच विचारलं.

"तामोत्सु," शिगेयोताई म्हणाल्या. "त्याची काळजी नको. ते बघ, फडकं लावलंय."

समोरच्या घरावर पिवळं फडकं होतं खरं. पण वरच्या मजल्याच्या कठड्यावर उन्हाला टाकलेली गादीही होती. पावसात! चिंब! टोकांवरून पाणी गळत होतं!

चिझुरुनं माझा दंड धरला. "कानोको. नाही. एक शब्दही नाही."

मी तिच्याकडे बघितलं. त्या 'कानोको'साठी मी काय वाट्टेल ते केलं असतं. पण ती गादी!

"काहीतरी झालंय!" मी असा आवाज लावला की भोंग्यानं लाजावं. "फडकं काय, ते सकाळी लावलेलं! पण शुद्धीवरचा माणूस स्वतःची गादी भिजू देत नाही!"

तेरा जणांनी वर बघितलं. तेरा तोंडं उघडी पडली.

तामोत्सुआजोबा घरात नव्हते. संत्र्यांच्या टेकडीवर जाणारी एका रुळावरची गाडी जागेवर नव्हती. चिझुरु, फुमिका आणि मी रूळ धरून वर पळालो. अगदी माथ्यावर, झाडाखाली आजोबा बसलेले. घोटा भोपळ्याएवढा सुजलेला, ओठ निळे, आणि भोवती संत्र्याच्या सालींचा हा ढीग!

"सकाळी आठपासून बसलोय!" ते गरजले. "तुम्ही सगळे वाजतगाजत किनुएकडे गेलात, ते इथून दिसत होतं मला! हाका मारतोय तर तो भोंगा बोंबलतोय!"

मी माझा कोट त्यांच्या अंगावर घातला. त्याच रुळावरच्या गाडीत, संत्र्यांच्या खोक्यांत बसवून त्यांना खाली आणलं आणि बोटीनं दवाखान्यात पाठवलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ भिजले असते तर कठीण होतं. ऐकलंत? आता माझ्याकडून माफीची अपेक्षा ठेवू नका! किनुएआजींची मागितली, तेवढी पुरे.

परतीच्या बोटीत अर्धा समुद्र मागे पडला. मग चिझुरु म्हणाली, "कानोको, पुढच्या सहलीला शिट्टी आण. तुझा घसा बसतो."

बस्स! मी कोहारुच्या केसांत तोंड खुपसून रडून घेतलं.

आता एकच काम आहे. घरी परतल्यापासून मी तामोत्सुआजोबांना रोज तीनदा फोन करते. कालपासून ते उचलत नाहीत. शिगेयोताई म्हणतात, माझा नंबर दिसला की ते मुद्दाम फोन उशीखाली सारतात. असेलही! पण तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जाणार असाल, तर जरा त्यांच्या दारात डोकावून या ना. ठीक असतील तर तुमच्यावर ओरडतील. ओरडले की लगेच मला कळवा.