मंजुळाताईंचा बालसंगोपन वर्ग

एका जंगलात, बाळांनो, मुलं वाढवणं फार अवघड होऊन बसलं होतं. पूर्वी ती आपोआप वाढत. मग तज्ज्ञ आले.

सगळ्यांत मोठ्या तज्ज्ञ म्हणजे मंजुळाताई कोकिळा. त्यांनी कधी घरटं बांधलं नव्हतं, की कुणा पिल्लाला घास भरवला नव्हता. पण गळा असा गोड, की त्यांना हे विचारायचं कुणाला सुचतच नसे.

काजळ नावाची कावळी पहिल्यांदाच आई होणार होती. कडुनिंबावरच्या घरट्यात तिची दोन अंडी होती. आपलं काही चुकेल या धास्तीने ती रोज वडावर वर्गाला जायची.

"आईनं घरटं क्षणभरही सोडू नये," मंजुळाताई म्हणाल्या. "आता डोळे मिटा. बाळाचं रूप मनात आणा. मी सांगेपर्यंत उघडू नका."

काजळने डोळे गच्च मिटले. बऱ्याच वेळाने ताईंचा आवाज आला, तेव्हा त्यांना थोडी धाप लागली होती.

काजळ घरी येऊन बघते, तर दोनांपैकी एक अंडं लहान झालेलं.

"अगं बाई! माझीच ऊब कमी पडली, आटलं बिचारं," ती हळहळली.

त्या लहान अंड्यातलं पिल्लू आधी बाहेर आलं आणि बघता बघता फुगलं. मागून आलेल्या धाकट्याला घासच मिळेना.

"अगं, थोरला आपल्यातला वाटत नाही," तिचा नवरा दगडू म्हणाला. "ओरडतोही वेगळाच."

"तुम्हाला काय कळतंय? एकदा तरी वर्गाला आलात का?"

धाकट्याने मान टाकली, तशी काजळ धावत ताईंकडे गेली.

"थोरला असामान्य आहे," ताई म्हणाल्या. "त्याला दुप्पट भरव. धाकट्याचं पोट बिघडलंय. त्याला लंघन."

काजळने काळजावर दगड ठेवला. धाकट्याकडे पाठ करून ती थोरल्याला भरवायची. भरवता भरवता रडायची.

दगडूला ते बघवेना. काजळ वर्गाला गेली की तो गुपचूप अळ्या आणायचा आणि धाकट्याच्या चोचीत कोंबायचा. चौथ्या दिवशी धाकट्याने मान उचलली. आठव्या दिवशी तो "काव" म्हणाला.

थोरला मात्र एके सकाळी उडाला, तो गेलाच. मागे वळूनही पाहिलं नाही त्याने.

मंजुळाताईंनी भर वर्गात काजळला उभं केलं. "एक मूल सहा आठवड्यांत स्वावलंबी! दुसरं नुसत्या लंघनाने ठणठणीत!" सगळ्या आयांनी पंख फडफडवले.

काजळ घरी आली ती तरंगतच. "बघितलात ना लंघनाचा गुण? तुमचा तर कशावरच विश्वास नाही!"

"खरंय बाई," दगडू म्हणाला, आणि चोचीला लागलेली अळी त्याने हळूच फांदीला पुसली.

तात्पर्य : मुलांच्या बाबतीत नेहमी तज्ज्ञांचंच ऐकावं. फक्त घरात एक न ऐकणारा माणूस असू द्यावा.