रशिदा टेलर्सचा बॉयलर

ए, हातातलं ठेव आन् नुसतं ऐक. तळेगाव ढमढेऱ्याची सुफिया हाय ना, पाबळला कॉम्प्युटर शिकलेली? तिच्या अम्मीला, आपल्या रशिदाचाचीला, शाळेच्या चारशे गणवेशांचं काम मिळालं. अट एकच, शुक्रवारपर्यंत टेलरिंग दुकानाचं सरकारी सर्टिफिकेट. न्हाईतर काम दौंडच्या दुकानाला.

सुफियानं हापिसाची नियमांची पुस्तिका वाचून सर्टिफिकेटच्या फॉर्मची फाईल बनवली. पुस्तिकेत लिवलेलं, 'बॉयलर : असल्यास.' नव्हता, म्हणून तिनं तो रकाना सोडला. हापिसाच्या मशीननं फाईल परत फेकली, 'बॉयलर आढळला नाही.' चारदा फेकली! मग पोरीनं फाईल तपासणारी नियमांचीच फाईल उघडली, तिला स्कीमा म्हंत्यात. तिथं सरळ लिवलेलं, बॉयलर, किमान एक.

ती तडक शिरूरच्या हापिसात. तिथल्या विनोद साहेबांनी पुस्तिका बघितली, स्क्रीन बघितली, चष्मा पुसून परत दोन्ही बघितलं.

"पुस्तिका मंजूर हाय," ते म्हणाले. "स्कीमापण मंजूर हाय."

"मग चुकलंय काय, साहेब?"

"तुमचं दुकान."

सुफियानं तिथंच लेखी तक्रार ठोकली. पण शुक्रवार काय थांबतोय व्हय? घरी येऊन तिनं गुपचूप 'बॉयलर : एक' लिवलं. फाईल सुळकन् आत!

आन् गुरुवारी दारात कोण? बॉयलर तपासणीस!

सुफिया आत पळाली. "अम्मी, आता गं?"

चाचीनं शिलाई थांबवली, आतल्या शेगडीवरच्या कुकरकडं बोट केलं. "हा काय. रोज चालतो."

"क्षमता?"

"पाच लिटर. पावणे आले तर कमी पडतो, साहेब."

तो गडी स्टुलावर बसला, तीन शिट्ट्या मोजल्या आन् लिवलं, 'सुरक्षा झडप कार्यरत. वाफ समाधानकारक. गंध : मसूर.'

शुक्रवारी विनोद साहेबांनी बोलावलं. "अभिनंदन! तुमच्या तक्रारीवरून तफावत दूर केली."

"स्कीमा बदलला?"

"तो कसा बदलंल? बनवणारा नोकरी सोडून गेला. पुस्तिका बदलली. 'असल्यास' काढलं. नमुना म्हणून तुमचाच बॉयलर छापलाय, पाच लिटरचा. आता इथं सही करा, 'दोन्ही जुळतात, मी समाधानी आहे.' तक्रार उघडी असली तर सर्टिफिकेट निघत न्हाई."

सही केली, तर सोमवारपासून शिरूर-दौंडच्या दर टेलरला बॉयलर लागू. न्हाई केली, तर अम्मीचे चारशे गणवेश गेले. घड्याळात पावणेपाच, हापिस पाचला बंद. आन् बाहेर बाकड्यावर वरवंडची शिवणकामवाली अंजनाताई, मांडीवर नवी पुस्तिका, दारातनं इचारतीया, "पोरी, शिकलेली दिसतीस. ह्यो बॉयलर कुठं मिळतो गं?"

हसतीयास काय? तुझ्या पार्लरच्या फॉर्मला तूबी 'पुस्तिका वाचली, मान्य' म्हणून टिक केलंस की, एक पान न उघडता! तुझ्या नावावर किती बॉयलर हायत, माहितीये तुला? आता खरं सांग. तो पेन तुझ्या हातात असता, तर तू काय केलं असतंस?